मल्लखांबाचं वय किती?

हा आपल्या नव्या भागाचा लिखित अवतार. सकाळच्या बोरिवली लोकलमध्ये ज्यांना खिशातून फोन काढायलाही जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी खास. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्याही गाळल्यात. बाकी बहुतेक जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय मल्लखांब. आणि त्यातलाही एकच प्रश्न: हा प्रकार आला कुठून?

झालं असं की गेल्या काही महिन्यांत माझ्या फोनवर वेगवेगळ्या ग्रुपमधून एकच मेसेज फिरून फिरून आला. मल्लखांब पाच हजार वर्षं जुना आहे, जगातल्या सगळ्या मार्शल आर्ट त्यातूनच निघाल्या, इथलाच एक साधू ही विद्या घेऊन चीनला गेला आणि तिथे तिचं कुंग फू झालं. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. असले मेसेज मी सहसा पूर्ण वाचतही नाही. पण या वेळी तो ग्रुपमधून बाहेर पडून माझ्या भाचीच्या हातात आला होता.

भाची बारा वर्षांची. बोरिवलीला राहते, दोरीचा मल्लखांब शिकते. सोसायटीत त्यांचं प्रात्यक्षिक होतं आणि आधी माइकवर दोन मिनिटं माहिती सांगायचं काम तिच्याकडे आलं होतं. कमिटीतल्या एका काकांनी तिला हाच मेसेज प्रिंट करून दिला. तिने तो वाचला आणि मला फोन लावला: "मामा, पाच हजार वर्षं म्हणजे मोजायला सुरुवात कुठून केली?"

खरं सांगतो, ऑफिसच्या मीटिंगमध्येही इतका नेमका प्रश्न क्वचित कोणी विचारतं.

मी अंधेरीला एका कंपनीत कोड लिहितो. 'हा प्रोग्रॅम किती जुना आहे?' असं कोणी विचारलं तर आमच्याकडे त्याला सरळ उत्तर नसतं. एक ओळ दहा वर्षांपूर्वीची असते, तिच्या शेजारची परवाची. एखादा तुकडा कोणीतरी दुसऱ्याच ठिकाणाहून उचलून आणलेला असतो. पण प्रत्येक ओळ कोणी आणि कधी लिहिली याची नोंद असते, म्हणून भांडण मिटतं. शरीराने करायच्या विद्येला अशी नोंदवही नसते. ती एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते, आणि मधल्या माणसाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही तर ते गेलंच. म्हणून 'मल्लखांब किती जुना' या प्रश्नाचे आधी तुकडे करावे लागतात. खांब धरून व्यायाम करायची कल्पना किती जुनी? आज आपण बघतो ती पद्धत, त्या पकडी, ती नावं, ती किती जुनी? आणि पंच, गुण, घड्याळ असलेला खेळ किती जुना? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि मेसेजवाल्यांनी तिन्ही एकाच बाटलीत भरून वर पाच हजारांचं लेबल चिकटवलंय.

ज्यांनी मल्लखांब फक्त रीलवर बघितलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. शिसवी किंवा सागवानी खांब, जमिनीच्या वर साधारण साडेआठ फूट, वर जाताना निमुळता. खालचा जाड भाग म्हणजे अंग, वरची बारीक जागा म्हणजे मान, आणि टोकाला गोल बोंड. खांबाला एरंडेल तेल लावतात. पायांनी खांबाला जी घट्ट पकड घालायची ती अढी (मनातली अढी वेगळी, ती सोडायची असते, ही सोडलीत तर डोक्यावर पडाल). काखेत खांब धरून करायची ती बगली. हात आणि खांब यांच्यामधल्या फटीतून अख्खं अंग ओवून काढायचं तो सुईदोरा. शिवाय तेढी, दसरंग, फिरकी, वेल. पुरलेला खांब, टांगता खांब आणि दोरी असे मुख्य प्रकार.

आता उगमाची गोष्ट. मल्लखांब शिकलेल्या कोणालाही विचारा, तो एकच नाव घेईल: बाळंभटदादा देवधर. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेले व्यायामशिक्षक. बाजीराव १७९६ मध्ये गादीवर आले, म्हणजे काळ साधारण १८०० च्या आगेमागे. गोष्ट अशी सांगतात की निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले. पेशव्यांच्या दरबारात त्यांनी आव्हान दिलं आणि कोणी पुढे येईना. कोवळ्या वयाच्या बाळंभटाने ते उचललं, तयारीला मुदत मागून घेतली आणि तो वणीच्या सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठानाला बसला. तिथे त्याला मारुतीचा दृष्टांत झाला. काही जण सांगतात की माकडं झाडाच्या खोडाला धरून खेळत होती, ती पाहून त्याला खांबावरची विद्या सुचली. परत येऊन त्याने अलीला चीत केलं, आणि गुलाब न लढताच मागे सरला.

छान गोष्ट आहे. आता जरा फोशानला जाऊया. दक्षिण चीनमधलं हे गाव, आणि इथली कुंग फूची शाखा म्हणजे विंग चुन. इप मॅनचे सिनेमे तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी बघितले असतील. डॉनी येन एका लाकडी खांबावर टकाटक हात मारत असतो, तीच ती. (हो, त्यांच्याकडेही खांब आहे. फक्त त्याला लाकडी हात फुटलेत आणि कोणी त्याच्यावर चढत नाही.) खरे इप मॅन १८९३ चे, वारले १९७२ मध्ये, ब्रूस ली त्यांचा शिष्य. विंग चुनच्या उगमाची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. यिम विंग चुन नावाची मुलगी. गावातला एक गुंड तिच्याशी जबरदस्तीने लग्न करायला निघालेला. न्ग मुई नावाची भिक्षुणी तिला डोंगरात घेऊन जाते आणि विद्या शिकवते. मुलगी परत येते, गुंडाला आव्हान देते आणि त्याला लोळवते. आणि त्या भिक्षुणीला ही विद्या कशी सुचली? लोक सांगतात, करकोचा आणि साप यांची झुंज बघून.

लागली ना टोटल? बलदंड परका आव्हान देतो. आपला माणूस लहान किंवा दुबळा. तो डोंगरावर, पवित्र जागी जातो. एखादा प्राणी किंवा देव मार्ग दाखवतो. परत येऊन जिंकतो. पुणे आणि फोशान यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर, पण पटकथा तीच. कोणी कोणाची ढापली असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की उगमाची गोष्ट हा एक साचा आहे आणि खरी माणसं त्यात ओतली जातात. म्हणजे साचा ओळखू आला की माणूस खोटा ठरवायचा का? अजिबात नाही. विंग चुनची साखळी उलटी मोजत गेलात तर इप मॅनचे गुरू चान वा शुन, ते फोशानला पैसे मोडून देण्याचा धंदा करायचे. त्यांचे गुरू ल्युंग जान, त्याच गावातले वैद्य. इथवर पक्की जमीन आहे, आणि हा काळ एकोणिसाव्या शतकाचा. भिक्षुणी आणि करकोचा त्याच्या वरचे. आपल्याकडेही तसंच. बाळंभटदादा आणि त्यांच्या सोबतीला नाव येतं ते कोंडभटनाना गोडबोले, ही खरी माणसं. त्यांच्या शिष्यशाखा आहेत. माकडं आणि दृष्टांत हे वरचं कलम.

मला तर वाटतं ही तुलना आपल्याला छान मोकळं करते. जगभर ज्याला लोक प्राचीन विद्या म्हणून मान देतात तो विंग चुन आणि आपला मल्लखांब, दोघांची भक्कम नोंद जवळपास एकाच काळात सुरू होते. आणि त्यामुळे विंग चुनचा एकही विद्यार्थी क्लास सोडून गेलेला नाही.

आता मेसेजमधला दुसरा दावा, तो साधू. म्हणजे बोधिधर्म. उपनगरातल्या शाळांच्या हॉलमध्ये संध्याकाळी जे कराटे-कुंग फूचे क्लास चालतात तिथे ही गोष्ट हमखास ऐकू येते, आणि ज्यांनी टीव्हीवर सूर्याचा 'चेन्नई वर्सेस चायना' बघितलाय त्यांना तर ती पाठ असते. भारतातून बोधिधर्म शाओलिनच्या मठात गेला आणि त्याने भिक्षूंना व्यायाम शिकवला, तेच कुंग फू.

ही गोष्ट तपासणारा माणूस चिनीच होता, आणि त्याचं काम मला मुद्दाम सांगायचंय, कारण उगम कसा शोधायचा याचा तो नमुना आहे. थांग हाओ. धंद्याने वकील, स्वतः कसरत करणारे. १९३० मध्ये त्यांनी शाओलिन आणि वुतांग या दोन्ही परंपरांची छाननी करणारं पुस्तक काढलं. त्यांनी काय केलं, तर साक्षीदारांची उलटतपासणी. बोधिधर्माचा सगळ्यात जुना उल्लेख ५४७ सालच्या एका चिनी ग्रंथात आहे. तिथे तो पश्चिमेकडून आलेला म्हातारा भिक्षू आहे आणि लोयांगमधला एक स्तूप बघून थक्क होतो. हाणामारीचं नाव नाही. मग व्यायामाची गोष्ट येते कुठून? 'यीजिन जिंग' नावाच्या पुस्तकातून. त्याच्या प्रस्तावनेवर तारीख आहे ६२८ सालची आणि नाव आहे ली जिंग या थांग राजवटीतल्या खऱ्या सेनापतीचं. पण त्या प्रस्तावनेत हा सेनापती म्हणतो की मला हे पुस्तक दाढीवाल्या एका वीराकडून मिळालं, आणि तो वीर आहे पुढच्या काळात लिहिल्या गेलेल्या एका कथेतलं पात्र! म्हणजे शिवकाळातलं पत्र म्हणून कोणी कागद दाखवावा आणि त्यात साक्षीदार म्हणून आजच्या मालिकेतल्या सासूची सही असावी, तसं झालं. पुस्तक प्रत्यक्षात १६२४ चं. आणि गंमत बघा, त्याच सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाओलिनच्या काठीवर जे पुस्तक निघालं त्यात काठीविद्येचं श्रेय बोधिधर्माला नाहीच, ते किन्नरराजाला दिलंय. म्हणजे शाओलिनवाल्यांच्या आपल्याच गोष्टीतही तेव्हा बोधिधर्म मास्तर नव्हता.

थांग हाओंची दुसरी युक्ती तर आणखी आवडली. १९३२ मध्ये ते छनजियागोउ नावाच्या खेड्यात गेले, ताइची जिथली समजतात तिथे. ताइचीची दंतकथा झांग सानफंग नावाच्या एका सिद्धपुरुषापाशी नेते. थांग हाओंनी मात्र डावांची नावं घेतली. सोळाव्या शतकातला सेनापती छी जिग्वांग याच्या लष्करी पुस्तकात बिनशस्त्र लढतीचे ३२ पवित्रे आहेत. त्यातले २९ छन घराण्याच्या प्रकारांत सापडतात. सिद्धपुरुष बाजूला राहिला, सेनापतीचं पुस्तक पुढे आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन फाइली शेजारी-शेजारी ठेवून कुठल्या ओळी जुळतात ते पाहिलं. कुंग फूवाल्यांना हे सगळं आवडलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग तीच युक्ती आपल्या खांबाला लावूया.

एका बाजूला ठेवू 'मानसोल्लास'. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, त्याचा हा संस्कृत ग्रंथ, ११३० च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आपल्या सेंट्रल लाइनचं कल्याण नाही बरं का, हे कर्नाटकातलं बसवकल्याण, सोलापूर-धाराशिवच्या पलीकडे. स्वयंपाक, हत्ती, दागिने, संगीत, सगळं आहे त्यात, आणि मल्लांच्या कुस्तीवर एक प्रकरण आहे, मल्लविनोद. तिथे मल्लांनी करायचे श्रम, म्हणजे व्यायाम, सांगितलेत. वजन उचलणं, चालणं, पोहणं, आणि त्यांच्या रांगेत स्तंभश्रम. खांबाचा व्यायाम! गुजरातेतल्या मोढेराच्या ज्येष्ठीमल्लांचं 'मल्लपुराण' आहे, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ते १९६४ मध्ये छापलं, त्यातही स्तंभश्रम येतो. म्हणजे कुस्तीगीराने अंग कमवायला खांब वापरावा ही कल्पना बाराव्या शतकात होती, ती एका राजाला नोंदवण्याइतकी रुळलेली होती. नऊशे वर्षं झाली. हे काय कमी आहे?

दुसऱ्या बाजूला ठेवू आजचा खांब आणि त्यावरचे शब्द. अढी, तेढी, सुईदोरा, वेल. ही चक्क घरातली मराठी आहे, आणि देशभरातल्या स्पर्धांमध्ये पंचांच्या तोंडी हीच नावं असतात. मध्य प्रदेशातला पोरगाही अढीच घालतो. एखादी विद्या शब्द घेऊन प्रवास करते, त्यामुळे ती नावं जिथली, तिथे तिला आजचा आकार मिळाला असं मानायला मजबूत आधार आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. बगली बघा. बगल हा शब्द फारसी. सलामी अरबी. खांबापासून नजर जरा बाजूला करा: तालीम अरबी, वस्ताद फारसी, पैलवान फारसी, डावपेचातला पेच फारसी, जोर-बैठकांतला जोर फारसी. कुस्ती हा शब्दच फारसी! आणि त्याच तालमीत मल्ल संस्कृत, खांब संस्कृतातून आलेला, आखाडा अक्षवाटापासून.

हे मला का महत्त्वाचं वाटतं सांगतो. त्या मेसेजच्या काही अवतारांत अली आणि गुलाबच्या गोष्टीला भलताच रंग चढवलेला असतो. आपण विरुद्ध ते. पण ज्या तालमीत बाळंभटदादा घडले तिची भाषा निम्मी फारसी होती. वस्तादाला वस्ताद म्हणणारी माणसं दोन्हीकडे होती, डाव एकमेकांकडून उचलत होती, आणि त्यांचा शब्दसंग्रह याची साक्ष आजही देतो. पेशवे आणि निजाम यांची १७९५ मध्ये खर्ड्याला लढाई झालेली, त्यामुळे पुढच्या काळातल्या गोष्टीत आव्हान देणारा निजामाकडचा असणं साहजिकच. त्यावरून आजचं भांडण उकरणं हा त्या दोन पैलवानांवरही अन्याय आहे.

खांबाचा घाटही बोलतो. अंग, मान, वर बोंड म्हणजे डोकंच. हा उभा राहिलेला प्रतिस्पर्धी आहे, आणि एरंडेल लावलेलं लाकूड हे घामेजलेल्या अंगासारखं निसटतं. मांड्यांची पकड, काखेची पकड, मानेला हात घालणं, सगळं कुस्तीचं. म्हणजे मूळ काम कुस्तीला पूरक. मग कधीतरी खांब स्वतःच मुख्य झाला, कुस्ती बाजूला पडली. बाराव्या शतकातला स्तंभश्रम आणि हा प्रकार यांच्यात मला फरक दिसतो तो इथे. तिथे तो अनेक श्रमांपैकी एक आहे. इथे ती स्वतंत्र विद्या आहे, तिला स्वतःची नावं आहेत, क्रम आहे, उडीपासून उतरत्यापर्यंत व्याकरण आहे. कोणीतरी बसून ते रचलं. ते बाळंभटदादांच्या काळातलं आणि त्यांच्या मंडळींचं काम, असं मी मानतो.

पुढचं पटकन सांगतो. १८१८ मध्ये पेशवाई गेली, बाजीराव कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिले, आणि पुण्यातली ही विद्या त्यांच्या माणसांबरोबर उत्तरेत गेली. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई बिठूरला मल्लखांब शिकल्याचं परंपरा सांगते ते याच धाग्याने. काशी, बडोदा इथे शाखा फुटल्या. बडोद्याला जुम्मादादा, त्यांचे शिष्य माणिकराव. तिथेच पुढे द. चिं. मजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, १९३६ ते १९४९. त्याच १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. १९५८ मध्ये राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब आला आणि त्याला पंच, गुण मिळायला लागले. पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९, आपल्या शिवाजी पार्कवर. तिथल्याच समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे, ज्यांनी परदेशातल्या कित्येकांना अढी घालायला शिकवलं, त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं, अर्थात थोडक्यात. तिने कागद बदलला. कमिटीतल्या काकांना ते रुचलं नाही. त्यांचा मुद्दा मी इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणाले, "पोरं मोबाइल सोडून मैदानात येतात, त्यांना अभिमान वाटेल असं काहीतरी सांगू दे ना. दोनशे वर्षं आणि पाच हजार वर्षं, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?"

फरक पडतो, काका. पाच हजार म्हटलं की विद्या ऋषीमुनींची होते आणि ऋषीमुनींना हप्ता, भाडं, गुडघेदुखी काही नसतं. बाळंभट, कोंडभट, जुम्मादादा यांची नावं पुसली जातात. त्यांच्यानंतरचे तर कोणाला माहीतच नाहीत. ज्यांनी संस्थानं खालसा झाल्यावर, प्लेगमध्ये, गिरणीची पाळी संपवून येऊन संध्याकाळी पोरांना खांबावर चढवलं, ते मधले सगळे वस्ताद एका फॉरवर्डमध्ये गायब. आमच्याकडे कोणी दुसऱ्याच्या कामावरचं नाव पुसलं तर ऑफिसात महाभारत होतं. इथे आपण ते अभिमानाने करतो आणि हात जोडलेले इमोजी टाकतो.

आणि एक नाव तर बाळंभटांच्या गोष्टीतही येत नाही. खांबावर, बांबूवर, दोरीवर कसरत करणारी माणसं या देशात फार जुनी. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत 'वंशनर्तिन्' असा शब्द आहे, वंश म्हणजे बांबू, त्यावर खेळ करणारा. आपल्याकडे डोंबारी. लहानपणी मुलुंडला आमच्या गल्लीत ढोलकी वाजली की आम्ही गॅलरीत धावायचो. एक लहान मुलगी बांबूच्या टोकावर पोट टेकवून गरगर फिरायची आणि खाली तिचा बाप ताटली फिरवायचा. तिच्या अंगात जे होतं ते मैदानावर, गादीवर, पंचांसमोर केलं की खेळ होतो आणि रस्त्यावर केलं की भीक. मल्लखांब डोंबाऱ्यांकडून आला असा दावा मी करत नाही. पण पाच हजार वर्षांचा वारसा सांगायचाच असेल तर वेदातल्या त्या शब्दाच्या सगळ्यात जवळ तीच मुलगी उभी आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती आठवली नाही.

जाता जाता दोरीबद्दल, कारण भाचीने दुसरा प्रश्न तोच विचारला: "माझी दोरी किती जुनी?" तिची दोरी सुताची, साधारण साडेपाच मीटर. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती पकडायची आणि कुठेही गाठ न मारता अंगाभोवती गुंडाळत आसनं करायची. पण आधी ही दोरी नव्हतीच. वेत होता. वेताचा मल्लखांब. चांगला, लवचिक, लांब वेत मिळेनासा झाला, मग त्याच्या जागी दोरी आली. म्हणजे जंगलात काय मिळतं आणि बाजारात काय मिळतं यावरून एक अख्खा प्रकार बदलला. दोरीवर मुलींची संख्या वाढली तशी आसनंही वाढली, आता तर मुली पुरलेल्या खांबावरही उतरतात. ओळी अजून लिहिल्या जातायत.

तुमच्या भागात, पार्ल्यात, घाटकोपरला, मुलुंडला, कुठेही जुनी व्यायामशाळा असेल तर तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी पंधरा मिनिटं बसा. फोन रेकॉर्डिंगला लावा, आधी त्यांना विचारून. दोनच प्रश्न: तुम्हाला कोणी शिकवलं? आणि त्यांना कोणी? नावं, गाव, साल आठवेल तसं. मग तुम्ही शिकलेल्या पकडींची नावं त्यांना म्हणून दाखवा आणि त्यांच्या वेळी कोणती वेगळी होती ते टिपून घ्या. आम्हाला पाठवलंत तर पुढच्या एका भागात, त्यांची परवानगी असेल तर, त्यांच्याच आवाजात ऐकवू. तोवर एरंडेल जपून वापरा, आणि भेटू पुढच्या भागात.